रिपोर्टात न दिसणारे कॅल्शियम
1935 साली बंगळुरूत वाणी विलास रुग्णालय सुरू झाले, तेव्हा गरोदर बाईचा चढता रक्तदाब, अंगावरची सूज आणि पुढे येणारे झटके यांना वैद्यकात विषबाधाच म्हणत. साहजिकच ते विष रक्तात नि लघवीत शोधले गेले. लंडनच्या जॉन लीव्हरला 1843 मध्ये अशा बायकांच्या लघवीत अल्ब्युमिन आढळले होते. 1917 पासून रक्तात वाढलेल्या युरिक ॲसिडच्याही नोंदी होऊ लागल्या. पण युरिक ॲसिड साचते ते मुख्यतः मूत्रपिंड ते पुरेसे बाहेर टाकत नाही म्हणून. यकृताची एन्झाइम्स चढणे, प्लेटलेट्स उतरणे हेही आजाराचे परिणामच. या खुणा अमोल आहेत, बाळंतपण कधी करायचे ते त्यांवरूनही ठरते. आजार टाळायचा कसा, हे मात्र त्या सांगत नाहीत. तो धागा सापडला ताटात, आणि त्याची एक मोठी परीक्षा बंगळुरूने घेतली.

ग्वाटेमालातल्या माया बायका गरीब, तरी त्यांच्यात झटके विरळ. त्या चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका खात, म्हणजे कॅल्शियम भरपूर. याच निरीक्षणावरून बेलिझान आणि व्हियार या संशोधकांनी 1980 मध्ये आपला तर्क मांडला. आहारात कॅल्शियम कमी पडले की पॅराथायरॉइडचे संप्रेरक वाढते आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातली पातळी राखते. याच धडपडीत रक्तवाहिन्यांच्या स्नायूपेशींत कॅल्शियम वाढून त्या आकसत असाव्यात. म्हणजे रिपोर्ट ठीक दिसत असतानाही बाईची उपासमार चालू असू शकते. जुन्या म्हैसूरच्या मुलखात तर नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, हे रोजचे जेवण होते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात त्याचा तिसावा हिस्साही नाही. शहरी ताटात भाताने नाचणीला मागे सारले, हे नुकसान मला फार मोठे वाटते.

जिथे आहारात कॅल्शियम कमी, तिथे गरोदरपणी रोज 1500 ते 2000 मिलीग्रॅम द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दिवसाला तीन-चार गोळ्या, त्याही लोहाच्या गोळीपासून वेगळ्या वेळी. इतके खरेच लागते का? बंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेने सहकाऱ्यांसह 11,000 पहिलटकरणींवर हे तपासले. निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. रोज 500 मिलीग्रॅम घेणाऱ्यांत हा आजार, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, 3.0 टक्के, 1500 घेणाऱ्यांत 3.6 टक्के. टांझानियातल्या तशाच अभ्यासातही प्रीएक्लॅम्प्सियाच्या बाबतीत कमी मात्रा उणी ठरली नाही. यावर आक्षेप असा की गोळीच न घेणारा गट नव्हता, मग 500 मिलीग्रॅमने तरी काही साधले हे कशावरून? आक्षेप रास्त आहे. पण ज्या औषधाची शिफारस आधीच झाली आहे ते हजारो गरोदर बायकांना नाकारणे योग्य झाले नसते. आणि प्रश्न कॅल्शियम द्यावे का हा नव्हताच, किती द्यावे हा होता. भारत सरकारच्या 2014 च्या सूचनांनुसार रोज 500 मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या आहेत. त्यांतली दुसरी कशासाठी, हे आता ती देणाऱ्यांनी पुराव्यानिशी दाखवायला हवे.