इंग्रजीतील दुहेरी नकार : व्याकरणाचा नियम आणि वाचनाचा प्रश्न

‘दोन नकार एकमेकांना छेद देतात व त्यांचा होकार होतो’ हा नियम इंग्रजीचा विद्यार्थी इतक्या लवकर शिकतो, की त्यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही त्याला येत नाही. नियमाचे रूप गणिती असल्याने तो कालातीत भासतो. परंतु नकार ही केवळ तर्कशास्त्रातील क्रिया नव्हे. ती भाषेत घडत, झिजत आणि पुन्हा घडत आलेली रचना आहे. हा इतिहास दुर्लक्षिला तर जुन्या संहितांचे वाचन सदोष होते, आणि काही भाषकसमूहांच्या बोलण्याविषयीचे आपले मूल्यनिर्णयही.

प्राचीन इंग्रजीत क्रियापदापूर्वी येणारे ‘ने’ हे आघातहीन अव्यय नकार व्यक्त करी. उच्चारात ते क्षीण होत गेले तसतसा त्याला आधार देणारा दुसरा शब्द क्रियापदानंतर येऊ लागला. हाच पुढे ‘नॉट’ झाला. त्याचे मूळ नकारवाचक ‘ना’ आणि ‘विह्ट’, म्हणजे वस्तू किंवा प्राणिमात्र, यांच्या संयोगात आहे. मध्यकालीन इंग्रजीत काही काळ ‘ने’ आणि ‘नॉट’ एकाच वाक्यात नांदले. मग ‘ने’ गळून पडले आणि आधार म्हणून आलेला शब्दच नकाराचा धनी झाला. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १९१७ साली हा क्रम मांडला. पुढे त्याला ‘येस्पर्सनचे चक्र’ असे नाव मिळाले. फ्रेंचमध्ये ‘पाऊल’ या अर्थाचा ‘पा’ शब्द याच वाटेने नकारवाचक झाला.

या चक्राचा वाक्प्रचारांशी जवळचा संबंध आहे. ‘बोटही न उचलणे’, ‘तसूभरही न हलणे’ अशा अर्थांचे इंग्रजी वाक्प्रचार नकाराविना आपला लाक्षणिक अर्थ गमावतात. मध्यकालीन इंग्रजीत एखादी गोष्ट ‘एका घेवड्याच्या दाण्याच्याही मोलाची नाही’ असे म्हणत. आपण कवडीचे नाव घेतो. अत्यल्प वस्तूचा उल्लेख करून नकार ठसवायचा, हे यामागील तत्त्व. ‘नॉट’ हा मुळात असाच ठसवणारा शब्द होता. म्हणजे ज्याला आपण व्याकरण म्हणतो ते एके काळचे वक्तृत्व आहे.

नकाराची ही पुनरुक्ती साहित्यात कोठे येते हे पाहणे उद्बोधक आहे. चॉसरच्या ‘कॅंटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत सरदाराच्या सभ्य वाणीचे वर्णन येते. त्याने आयुष्यात कधी कोणाला अपशब्द काढला नाही हे सांगताना चॉसर एकाच विधानात चार नकार योजतो. छेदाचा नियम लावला तर चार नकारांतून होकार निघेल आणि सरदार उद्धट ठरेल! शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये व्हायोला आपल्या हृदयावर कोणा स्त्रीची सत्ता चालणार नाही हे तिहेरी नकाराने बजावते. व्हायोला कुलीन आहे. तिच्या तोंडी हा प्रयोग अज्ञानाचे चिन्ह नाही; तो निर्धाराचा आघात आहे.

मग नियम आला कोठून? तो जेम्स ग्रीनवुड यांच्या १७११ मधील व्याकरणात आढळतो. परंतु त्याची प्रसिद्धी रॉबर्ट लाउथ यांच्या नावाशी जोडली गेली. त्यांचे व्याकरण १७६२ साली प्रसिद्ध झाले आणि हा नियम त्यात १७६३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आला. हेच लाउथ ऑक्सफर्ड येथे काव्याचे प्राध्यापक होते. हिब्रू काव्यात चरणाचा दुसरा भाग पहिल्याच आशयाची पुनरुक्ती करून तो दृढ करतो, हे समांतरतेचे तत्त्व त्यांनी १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत मांडले होते. काव्यात जी पुनरुक्ती अर्थ दृढ करते, तीच व्याकरणात अर्थाला छेद देते, अशी ही विसंगती आहे. काव्यशास्त्रज्ञाला जे दिसले त्याला वैयाकरणाच्या चौकटीत जागा नव्हती.

तथापि सारा दोष लाउथ यांच्या माथी मारणे अनैतिहासिक ठरेल. तेर्तू नेवालाइनेन यांनी जुन्या पत्रव्यवहारांच्या अभ्यासातून दाखवले आहे, की हा प्रयोग नियमापूर्वीच, वरच्या व व्यावसायिक स्तरांतील पुरुषांच्या लेखनातून मागे पडू लागला होता. नियमाने हा बदल घडवला नाही. घडलेल्या बदलाला त्याने तर्काची मुद्रा दिली. सामाजिक भेद असा बौद्धिक भेद म्हणून वावरू लागला, आणि दुहेरी नकार वापरणारा केवळ खालच्या स्तरातील न राहता विचारात गोंधळलेला ठरला.

एकोणिसाव्या शतकातील कादंबरीने या मुद्रेचा उपयोग करून घेतला आणि क्वचित ती उलटवलीही. मार्क ट्वेनचा हकलबेरी फिन दुहेरी नकारांतच बोलतो. तरीही कादंबरीतील नैतिक विवेक त्याच्याच वाणीतून प्रकटतो. विल्यम लबॉव्ह यांनी १९७२ साली आफ्रिकी-अमेरिकी बोलीतील नकारांचे विश्लेषण करून त्यांत काटेकोर नियमबद्धता असल्याचे दाखवले.

छेदाचा नियम सर्वस्वी खोटा आहे असे नाही. ‘अशक्य नाही’ यासारख्या रचनेत दोन नकार वेगवेगळ्या पातळ्यांवर कार्य करतात, आणि त्यांतून सावध होकार निघतो. परंतु जेथे सर्व नकार मिळून एकच नकार उच्चारतात, तेथे हे गणित लागू पडत नाही. कोणती रचना कोणत्या प्रकारची हे नियम सांगू शकत नाही. ते संहिता, काळ आणि वक्ता यांच्या संदर्भातच ठरते. समीक्षकाने व्याकरणाकडून निर्णय उसना घेऊ नये, तो का आहे याचे कारण हेच.