रिक्वेस्टची कुळकथा
डॉट एचटीटीपी या शेपटाच्या फाइलीत बहुतेक वेळा मोजक्या ओळी असतात. पहिलीत 'पोस्ट' आणि सर्व्हरचा पत्ता. खाली दोन हेडर: एक मजकूर जेसनमध्ये असल्याचं सांगणारा, दुसरा ओळख पटवणारं टोकन देणारा. मग एक कोरी ओळ, आणि त्याखाली महिरपी कंसात जेसन. व्हीएस कोडमध्ये 'रेस्ट क्लायंट' हे एक्स्टेन्शन असेल, तर पहिल्या ओळीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'सेंड रिक्वेस्ट' असं येतं. त्यावर क्लिक केलं की शेजारच्याच खिडकीत सर्व्हरचं उत्तर उघडतं. एपीआय तपासायला एडिटर सोडावा लागत नाही.

ही सोय अलीकडची, पण तिचं कूळ वेबच्या जन्मापर्यंत जातं. १९९१मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी एचटीटीपीची जी पहिली आवृत्ती मांडली, तिच्यात अख्खी रिक्वेस्ट एका ओळीची होती: 'गेट' आणि पुढे पानाचा पत्ता. हेडर नव्हते, आवृत्तीचा आकडा नव्हता, ४०४सारखे आकडेही नव्हते. टेलनेट या प्रोग्रॅमने सर्व्हरशी जोडून घ्यायचं, ती ओळ हाताने टाइप करायची. सर्व्हर पान पाठवून जोडणी तोडत असे. तपासणीसाठी वेगळं अवजार लागतच नव्हतं, कारण रिक्वेस्ट म्हणजे माणसाला वाचता-लिहिता येणारा मजकूर होता. पुढचं सगळं या एका निर्णयातून आलं आहे.

मे १९९६मध्ये एचटीटीपी १.०चा दस्तऐवज निघाला, तेव्हा हेडर रीतसर नोंदले गेले. त्यांचा साचा ईमेलचा होता. हेडरचं नाव, कोलन, त्याचं मूल्य, आणि हेडर संपल्याची खूण म्हणून कोरी ओळ, ही रचना १९८२च्या ईमेल मानकात होतीच. टेलनेटवर रिक्वेस्ट लिहिणारे शेवटी दोनदा एंटर दाबायचे ते या ओळीसाठी. ती राहून गेली तर अजून हेडर येणार असं समजून सर्व्हर वाट पाहत बसे.

हेडर वाढले तसं दर वेळी हाताने लिहिणं जिकिरीचं झालं. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांना चॅटवरच्या आपल्या बॉटसाठी चलनांचे दर वेबवरून उचलायचे होते. त्यासाठी त्यांनी ब्राझीलच्या राफाएल सागुला यांचा 'एचटीटीपीगेट' हा छोटा प्रोग्रॅम घेतला आणि वाढवत नेला. २० मार्च १९९८ला तो 'कर्ल' या नावाने बाहेर पडला. आजही एपीआयच्या माहितीपत्रकात उदाहरण बहुधा कर्लचंच असतं. पण अवतरणचिन्हांत जेसन, त्या जेसनमध्ये पुन्हा अवतरणचिन्हं, अशी लांबलचक कमांड टर्मिनलमध्ये सांभाळणं अवघडच.

२०१२मध्ये या कुळाच्या दोन शाखा फुटल्या. एकीकडे अभिनव अस्थाना यांनी क्रोम ब्राउझरसाठी 'पोस्टमन' केलं. त्यातून पुढे बंगळुरूत कंपनी उभी राहिली. पत्त्याला एक चौकट, हेडरला दुसरी, जेसनला तिसरी. कमांड न येणाऱ्यालाही रिक्वेस्ट पाठवता येऊ लागली. हे काम मोठंच होतं. फक्त एक दुरावा आला: कोड गिटमध्ये आणि त्याच्या रिक्वेस्ट दुसऱ्याच अवजारात.

दुसरी शाखा जुन्या मजकुराशी इमानी राहिली. त्याच वर्षी पावेल कुर्नोसोव यांनी ईमॅक्स एडिटरसाठी 'रेस्टक्लायंट' लिहिलं. साध्या फाइलीत रिक्वेस्ट लिहायची, कर्सर तिच्यावर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबायचं. २०१६मध्ये हुआचाओ माओ यांच्या एक्स्टेन्शनने ही रीत व्हीएस कोडमध्ये नेली. २०१७च्या अखेरीस जेटब्रेन्स कंपनीने ती आपल्या इंटेलिजे एडिटरमध्येच बसवली. एका फाइलीतल्या दोन रिक्वेस्टच्या मध्ये तीन हॅश, ही खूण दोन्हीकडे सारखीच. २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओनेही हीच फाइल स्वीकारली.

दरम्यान, २०१५च्या एचटीटीपी २मध्ये तारेतून जाणारा मजकूर बायनरी झाला. टेलनेटवर हाताने लिहिण्याचे दिवस तिथे संपले. तरी एडिटरमधली रिक्वेस्ट आपण जुन्याच रूपात लिहितो. यंत्राने स्वतःची भाषा बदलली, माणसासाठीची तशीच राहिली, आणि हे मला या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

कारण मजकूर असला की रिक्वेस्ट कोडशेजारी नांदते. जेसनमधल्या एखाद्या फील्डचं नाव बदललं, तर त्याच कमिटमध्ये रिक्वेस्टही बदलते आणि रिव्ह्यू करणाऱ्याला दोन्ही बदल एकत्र दिसतात. नव्या सहकाऱ्याने रेपो उतरवून घेतला की एपीआय कसा वापरायचा हे चालवून पाहता येतं. पथ्य एकच: टोकन आणि पासवर्ड त्या फाइलीत लिहायचे नाहीत. जेटब्रेन्समध्ये त्यांच्यासाठी वेगळी खासगी फाइल असते. ती गिटच्या बाहेरच ठेवायची.

एपीआयचं माहितीपत्रक कालांतराने शिळं होतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. रिक्वेस्टची फाइल चुकीची झाली, तर पहिल्याच 'सेंड'ला सर्व्हर तोंडावर सांगतो. म्हणून एपीआय लिहिणाऱ्याने त्याची पहिली रिक्वेस्टही कोडसोबतच द्यावी, असं मला मनापासून वाटतं.