परदेशातील महागडा स्कार्फ : परतावा तेथे, सीमाशुल्क येथे

पॅरिसच्या एर्मेस या संस्थेने १९३७ साली चौरस रेशमी स्कार्फ बाजारात आणला. ९० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा हा 'कारे' आजही प्रतिष्ठेची वस्तू मानला जातो. युरोपला पर्यटनासाठी किंवा आप्तांकडे जाणारे गोमंतकीय अशा वस्तू हौसेने खरेदी करतात. मात्र दुकानात मोजलेली रक्कम ही त्या वस्तूची अंतिम किंमत नसते. खरेदीच्या देशातील मूल्यवर्धित कर (व्हॅट) आणि भारतातील सीमाशुल्क हे दोन स्वतंत्र विषय आहेत. पहिल्याचा परतावा मिळाला म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही.

फ्रान्समध्ये या वस्तूंवर २० टक्के, तर पोर्तुगालच्या मुख्य भूमीत २३ टक्के व्हॅट असतो. तो छापील किमतीतच धरलेला असल्याने फ्रान्समधील ५०० युरोंच्या स्कार्फमध्ये कराचा वाटा सुमारे ८३ युरो असतो. फ्रान्समध्ये खरेदी १०० युरोंहून अधिक असल्यास परतावा मागता येतो. त्यासाठी दुकानात पासपोर्ट दाखवून परताव्याचा अर्ज घ्यावा आणि युरोपीय संघातून बाहेर पडताना, सामान विमान कंपनीकडे सोपविण्यापूर्वी, तो प्रमाणित करून घ्यावा. मध्यस्थ संस्था आपले शुल्क कापून घेत असल्याने कराची पूर्ण रक्कम हाती येत नाही.

हा परतावा नागरिकत्वावर नव्हे, तर वास्तव्यावर अवलंबून असतो. त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट असूनही गोव्यात राहणाऱ्या व्यक्तीस संघाबाहेरील वास्तव्याचा पुरावा देऊन तो मागता येतो. लिस्बनमध्ये स्थायिक झालेल्यास मात्र तो मिळत नाही. लंडनमधील खरेदीची गोष्ट वेगळी आहे. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून पर्यटकांसाठीची ही योजना बंद झाली आहे.

भारतात परतताना बॅगेज नियम लागू होतात. २०१६ च्या नियमांत निवासी भारतीयांसाठी ५०,००० रुपयांची शुल्कमुक्त मर्यादा होती. फेब्रुवारी २०२६ पासून ती ७५,००० रुपये झाली आहे. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांनाही हीच मर्यादा लागू आहे. मर्यादेवरील मूल्यावर शुल्क भरावे लागते. २०१८ पासून ३५ टक्के सीमाशुल्क व त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार मिळून ३८.५ टक्के हा दर रूढ झाला. अर्थसंकल्पात दर बदलू शकतात, म्हणून प्रवासापूर्वी चालू दराची खात्री करून घेणे इष्ट.

हिशेबापुरता एक युरो १०० रुपयांचा धरल्यास, ५०० युरोंचे दोन स्कार्फ एक लाख रुपयांचे होतात. मर्यादा वजा जाता उरलेल्या २५,००० रुपयांवर ३८.५ टक्क्यांनी ९,६२५ रुपये शुल्क येते. पती-पत्नींना आपल्या मर्यादा एकत्र करून एकाच महागड्या वस्तूवर वापरता येत नाहीत.

मर्यादेबाहेरील वस्तू असल्यास ग्रीन चॅनलने न जाता रेड चॅनलवर घोषणा करावी व मूळ बिल जवळ ठेवावे. युरोपहून येणाऱ्या प्रवाशाची तपासणी साधारणपणे तो भारतात प्रथम उतरतो त्या विमानतळावर होते. मुंबई वा दिल्लीमार्गे येणाऱ्यांनी त्यासाठी दाबोळी किंवा मोपाची वाट पाहू नये. घोषणा टाळल्यास १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार वस्तू जप्त होऊ शकते व दंडही होऊ शकतो. परताव्यासाठी जपलेले बिलच अशा वेळी खरेदीचा पुरावा ठरते.

कुरिअरने मागविलेल्या वस्तूला बॅगेजची सवलत मिळत नाही. नातेवाइकांनी पाठविलेल्या भेटवस्तूंची ५,००० रुपयांपर्यंतची सूटही डिसेंबर २०१९ मध्ये रद्द झाली. भारतातील दुकानात २,५०० रुपयांहून महाग स्कार्फवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. म्हणून तुलना करताना येथील जीएसटीसह किंमत एका बाजूस आणि परतावा वजा करून सीमाशुल्क मिळविलेली परदेशी किंमत दुसऱ्या बाजूस मांडावी. मग परदेशातील खरेदी खरोखर स्वस्त पडते का, हे स्पष्ट होते.