इंदूरचा एक आवाज

राजा पार्कातील आम्हां मराठी मंडळींचे क्रिकेटप्रेम जुने आहे. मुंबईचे विजय मांजरेकर राजस्थानकडून रणजी करंडक स्पर्धेत खेळले, हे येथील वडीलधाऱ्यांकडून आम्ही किती वेळा ऐकले असेल! मात्र या आठवणींत एकाही स्त्रीचे नाव येत नाही. म्हणून या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत इंदूरच्या चंद्रा नायडू यांचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

त्यांचे वडील कर्नल सी. के. नायडू. जन्म १८९५ चा, नागपूरचा. पुढे होळकरांच्या इंदुरास त्यांनी आपले मानले आणि १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व केले. कन्या चंद्राबाई इंग्रजीच्या प्राध्यापिका. १९७७ साली इंदुरात एम.सी.सी. विरुद्ध मुंबई या सामन्याचे धावते समालोचन त्यांनी केले. भारतातील पहिल्या महिला क्रिकेट समालोचक म्हणून त्या ओळखल्या जातात.

काळ लक्षात घ्यावा. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ साली पुण्यात अवघ्या तीन संघांत झाली होती. १९७६ मध्ये पाटण्यास भारतीय महिलांनी पहिला कसोटी विजय मिळविला. स्त्रिया मैदानात उतरल्या होत्या. खेळ सांगण्याचा अधिकार मात्र पुरुषांकडेच होता. आपल्या मराठीत तर समालोचन म्हणजे बाळ ज. पंडित! पित्याच्या नावाने दार उघडत असेलही. परंतु चेंडू सुटल्यापासून पुढचा चेंडू पडेपर्यंत जे दिसले ते नेमक्या शब्दांत सांगावयाचे, तेथे पित्याचे नाव उपयोगी पडत नाही.

चंद्राबाईंनी पुढे वडिलांचे चरित्रही लिहिले. ४ एप्रिल २०२१ रोजी इंदुरातच त्यांचे निधन झाले. दरम्यान वाट रुळली होती. पुण्याची स्नेहल प्रधान भारतासाठी वेगवान गोलंदाजी करून क्रीडालेखनाकडे आणि समालोचनाकडे वळली.

आता थोडे आमच्याविषयी. मंडळाच्या वार्षिक सामन्यात ध्वनिक्षेपक आम्हां पुरुषांच्या हाती आणि चहा-फराळ भगिनींकडे, अशी वाटणी वर्षानुवर्षे चालत आली. एकदा एका सभासदाच्या मुलीने, "काका, दोन षटके मी बोलू का?" असे विचारले. आम्ही म्हणालो, "पुढच्या वर्षी पाहू." पुढचे वर्ष आले, तेव्हा ती शिक्षणासाठी पुण्यास गेली होती. १९७७ साली इंदुरातही कोणी असेच म्हणाले असते, तर? यंदा पहिले षटक सांगण्याचा मान मंडळाने एखाद्या कन्येस द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.