सुबाभळीच्या शेंड्यावरची कीड : थोडा इतिहास



बांधावरच्या सुबाभळीचा कोवळा शेंडा हातात घेऊन पाहा. पाने आकसलेली, चिकट आणि हात लावताच टुणकन उडणारे पिवळट-हिरवे बारीक किडे दिसले, तर तो सुबाभळीवरचा सायला समजा. संत्रा बागायतदारांना ठाऊक असलेल्या सायलाचाच हा भाऊबंद. शास्त्रात याच्या प्रजातीला हेटेरोसायला म्हणतात. लांबी जेमतेम दोन मिलिमीटर, पण पिल्ले व प्रौढ दोन्ही कोवळ्या फुटीचा रस शोषतात.

सुबाभूळ मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेची. ही कीडही तिकडचीच. तिथे कीड होती, तसे तिला खाणारे कीटकही होते, म्हणून झाड टिकून राहिले. पुढे हवाई बेटांवर निवडलेले के-८ सारखे उंच वाण देशोदेशी गेले. आपल्याकडे उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने सुबाभळीचा मोठा प्रसार केला. कीड मात्र मागे राहिली होती.

ती १९८४ साली हवाईत पोहोचली, १९८५ साली फिलिपाईन्समध्ये आणि १९८६ साली इंडोनेशियात. तिथल्या तिमोर व फ्लोरेस बेटांवर माती धरून ठेवायला आणि जनावरांच्या चाऱ्याला लोकांनी सुबाभळीवरच भिस्त ठेवली होती. शेंडे करपले, फूट थांबली आणि दावणीला चारा कमी पडला. १९८८ साली कीड दक्षिण भारतात आली.

मग उपाय काय निघाला? हवाईत १९२२ साली दुसऱ्याच किडीसाठी मेक्सिकोहून क्युरिनस नावाचा ढालकिडा आणला होता. निळसर काळा, पाठीवर दोन नारिंगी ठिपके. तो सायलाही खातो असे दिसून आले. तोच पुढे आशियात नेला गेला आणि १९८८ साली थायलंडहून बंगळुरूला आणला गेला.

यातून आपण काय घ्यायचे? एकाच झाडावर सगळा चारा अवलंबून ठेवू नका. सुबाभळीसोबत शेवरी, हादगा, गिरीपुष्प बांधावर लावा. एकावर कीड पडली तरी शेळ्या उपाशी राहणार नाहीत. आणि चाऱ्याच्या झाडावर विषारी औषध मारू नका. ते जनावरांच्या पोटात जाते आणि फुकट राबणारा ढालकिडाही मरतो. फवारणीचा पंप उचलण्याआधी शेंडा उलटून ढालकिडा आहे का, एवढे अवश्य पाहा.