समावेशित शिक्षण : अध्ययन अक्षम विद्यार्थी (इयत्ता सहावी ते आठवी)

वाचन, लेखन वा गणन या कौशल्यांत विशिष्ट अडचण असलेल्या, पण सर्वसाधारण बुद्धिमत्तेच्या मुलांना वेगळ्या शाळेत न पाठवता नेहमीच्या वर्गातच शिकवण्याची पद्धत. डिस्लेक्सिया (वाचनातील), डिसग्राफिया (लेखनातील) व डिसकॅल्क्युलिया (गणनातील अडचण) हे या अध्ययन अक्षमतेचे प्रमुख प्रकार. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत तिला प्रथमच स्थान मिळाले.

अडचण खरी उघडी पडते ती उच्च प्राथमिक स्तरावर. पाचवीपर्यंत पाठांतरावर निभावून नेलेले मूल सहावीत विषयवार शिक्षक, लांबलचक उतारे व शाब्दिक उदाहरणे यांपुढे अडखळते. देवनागरीत ‘ब’ व ‘व’ यांची गल्लत, जोडाक्षरे फोडून वाचणे, काना-मात्रा गाळणे या खुणा वारंवार दिसतात. शिवकालाविषयी तोंडी भरभरून सांगणाऱ्या मुलाची उत्तरपत्रिका मात्र जवळजवळ कोरी असते. त्याला आळशी ठरवणे हा शाळांचा जुना आणि अन्यायकारक रिवाज.

वर्गातील उपाय साधे आहेत : फळ्यावरील मजकूर छापील देणे, उतारा मोठ्याने वाचून दाखवणे, तोंडी उत्तर स्वीकारणे, शुद्धलेखनाचे गुण न कापणे. परीक्षेत जादा वेळ व लेखनिक मिळू शकतो. त्यासाठी अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. सवलतींवर भर आणि अध्यापनात बदल नाही, हा या व्यवस्थेचा मोठा दोष. अशा मुलांसाठीचा विशेष शिक्षक अधूनमधून येतो, विषयशिक्षक रोज वर्गात असतो. म्हणून दोघांनी मिळून पाठाचे नियोजन करणे महत्त्वाचे ठरते.