असेम्ब्लीवाचून फोर्थ

फोर्थ ही संगणकभाषा खरोखर समजून घ्यायची तर तिचा इंटरप्रिटर असेम्ब्लीतच लिहावा, पायथनमध्ये लिहिलेला फोर्थ म्हणजे नुसती नक्कल, असे मत जाणकारांत पक्के रुजले आहे. छत्रपती संभाजीनगरात त्याला आणखी बळ मिळते. इथल्या तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत ८०८५च्या किटवर एकेक हेक्स आकडा दाबत शिकलेली पिढी आज शिकवते आहे. यंत्राच्या जितके जवळ, तितके ज्ञान खरे, ही तिची श्रद्धा. तिच्यामागे अनुभव आहे, म्हणून तिचा मान राखूनच सांगतो: फोर्थच्या बाबतीत ती चुकीच्या जागी लावली जाते.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा. फोर्थमधला शब्द म्हणजे मेमरीतल्या ॲड्रेसची माळ. इंटरप्रिटरचा आतला लूप त्या माळेवरून पुढे सरकतो आणि कुठे परत यायचे ते रिटर्न स्टॅकवर ठेवतो. पायथनमध्ये लिस्ट आणि फंक्शन आयते मिळतात, त्यामुळे ॲड्रेस, मेमरी, रिटर्न स्टॅक यांतले काहीच विद्यार्थ्याच्या हाताला लागत नाही. हा आक्षेप पोकळ नाही. `+` आला की बेरीज, `डुप` आला की स्टॅकच्या माथ्यावरच्या आकड्याची प्रत, आणि `इफ`ची सोय परस्पर पायथनमध्येच, असे पुष्कळ छोटे इंटरप्रिटर लिहिले जातात. त्यांना मीही फोर्थ म्हणणार नाही.

पण तो दोष रचनेचा आहे, पायथनचा नाही. आकड्यांची एक सलग लिस्ट घ्या आणि तिलाच मेमरी माना. नवा शब्द बांधताना तिच्यात ॲड्रेस भरत जा, चालू ॲड्रेस एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, परतीचे ॲड्रेस दुसऱ्या लिस्टमध्ये. आता `इफ` फोर्थमध्येच लिहिता येतो. शून्य आल्यास उडी मारणारा मूळ शब्द मेमरीत टाकायचा, पुढची जागा रिकामी सोडायची, त्या जागेचा ॲड्रेस स्टॅकवर ठेवायचा. `देन` आला की ती जागा भरायची. माझी कसोटी हीच आहे: इंटरप्रिटरला हात न लावता `इफ` बांधता येतो का? येत असेल तर तो फोर्थ, मग खाली पायथन असो की ८०८५. या रचनेत आणखी एक गोष्ट आपोआप साधते. फोर्थमध्ये एखादा शब्द नव्याने बांधला, तरी आधी बांधलेले शब्द जुन्याच अर्थाला धरून राहतात. शब्द चालवताना दर वेळी नाव शोधणारे इंटरप्रिटर इथे हमखास चुकतात. बांधतानाच ॲड्रेस भरला की ती चूक होत नाही.

इतिहासही असेम्ब्लीवाल्यांच्या बाजूने नाही. चार्ल्स मूर यांनी १९७१च्या सुमारास किट पीकच्या रेडिओ दुर्बिणीसाठी फोर्थ उभी केली, हे सगळे सांगतात. पण तिचे पूर्वज असलेले इंटरप्रिटर त्यांनी आधी फोरट्रानमध्ये आणि मग स्टॅनफर्डच्या प्रवेगकाच्या कामात, बरोज कंपनीच्या बी-५५०० यंत्रावर, अल्गोलमध्ये लिहिले होते. दोन्ही त्या काळच्या उच्चस्तरीय भाषा. पुढे १९९४च्या अमेरिकी प्रमाणकाने शब्दांचे वर्तन ठरवून दिले, आतली बांधणी लिहिणाऱ्यावर सोडली. आज सर्रास वापरला जाणारा जीफोर्थ तर सी भाषेवरच उभा आहे.

फोर्थ प्रोसेसरला बांधलेली नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातही येऊन गेला. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेत मुलांना एक्सओ नावाचे, शाळकरी मुलांसाठी बनवलेले लॅपटॉप मिळाले. हे लॅपटॉप जागे करणारे ओपन फर्मवेअर मुख्यतः फोर्थमध्ये लिहिलेले होते. या फर्मवेअरच्या प्रमाणकानुसार विस्तारकार्डाचा ड्रायव्हर फोर्थच्या सांकेतिक रूपात कार्डावरच साठवतात. मुख्य प्रोसेसर स्पार्क असो की पॉवरपीसी, तोच ड्रायव्हर चालतो.

पायथनवरचा फोर्थ हळू चालतो, हे कबूल. शिकताना त्याने काही अडत नाही.

उलट मराठी विद्यार्थ्याला पायथन असे काही देतो, जे जुन्या असेम्ब्लीतल्या फोर्थमध्ये मिळणे कठीण होते. सुरुवातीचे कित्येक फोर्थ शब्दाची लांबी आणि पहिले तीन बाइट एवढेच लक्षात ठेवत. यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचे एकटे `व` तीन बाइट खाते, म्हणजे तिथे `वर्ग` आणि `वर्ण` एकच ठरले असते. पायथनमध्ये पूर्ण नाव टिकते आणि त्याचे `इंट` हे फंक्शन देवनागरी आकडेही ओळखते. म्हणून `: वर्ग डुप * ;` असे बांधून `५ वर्ग .` लिहिले की उत्तर लगेच येते. छापले जाते ते मात्र इंग्रजी आकड्यांत. देवनागरीत हवे असेल तर `.` हा छापणारा शब्द फोर्थमध्येच नव्याने बांधावा: दहाने भागत जायचे, प्रत्येक बाकीत २४०६ म्हणजे `०` या चिन्हाचा युनिकोड क्रमांक मिळवायचा, आणि शेवटची बाकी आधी येईल अशा क्रमाने `एमिट` या शब्दाने ती चिन्हे छापायची.